सेव्हिलचा पवित्र आठवडा: खुर्च्यांचं नंतर बघू, आधी नकाशा उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२७ च्या मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, बुधवार ते रविवार स्पेनमधल्या सेव्हिलला मिरवणुका बघायला जायचंय, सोबत यजमान, ७१ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. मिरवणुकीच्या मुख्य मार्गावर खुर्च्या आरक्षित कराव्यात का, हॉटेल कॅथेड्रलजवळ घ्यावं का, आणि शाकाहारी माणसाचं जेवणाचं कसं होईल?

माझ्या मते खरी अडचण खुर्च्यांची नाही. त्या आठवड्यात दुपारी दोन-तीनपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत जुन्या सेव्हिलचे रस्ते रस्ते राहत नाहीत. टॅक्सी आत येत नाही, बसचे मार्ग बदलतात, ट्राम मधल्या भागात बंद होते आणि दहा मिनिटांचं अंतर कापायला तास लागतो. मिरवणूक दिसेल की नाही याची काळजी करू नका. एखादी तरी समोर येऊन उभी राहतेच. बघून झाल्यावर सासूबाई खोलीवर परत कशा जातील, हे मात्र आधी ठरवायला हवं.

तारखा बघा. झावळ्यांचा रविवार २१ मार्च, गुड फ्रायडे २६ मार्च, ईस्टर २८ मार्च. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, असा चर्चचा हिशोब आहे. त्यामुळे या आठवड्याच्या आगेमागे आपली होळी पौर्णिमा नाहीतर हनुमान जयंती असतेच. २०२७ मध्ये ईस्टर लवकर आहे आणि होळीचाच आठवडा येतोय. म्हणजे मुलीच्या शाळेच्या परीक्षा आधी तपासा. आणि घड्याळ अजून हिवाळी वेळेवर असेल: सूर्यास्त पावणेआठच्या सुमारास, रात्री हवा १० अंशांच्या आसपास. दिवसा शर्ट, रात्री जाकीट.

आता मिरवणूक कशी असते ते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सेव्हिलमध्ये साठेक 'एर्मांदाद' आहेत, म्हणजे धार्मिक बंधुमंडळं. पुढे मी नुसतं मंडळ म्हणतो. प्रत्येक मंडळ ठरलेल्या दिवशी आपल्या चर्चमधून निघतं, कॅथेड्रलमध्ये जातं आणि वेगळ्या वाटेने परत येतं. दूरच्या वस्तीतल्या मंडळाला यात बारा-तेरा तास लागतात. सर्वांत पुढे क्रूस, त्यामागे दोन ओळींत उंच टोकदार टोप्या आणि झगे घातलेले, मेणबत्त्या धरलेले 'नासारेनो', आणि मग 'पासो'. पासो म्हणजे लाकडी चौथऱ्यावरची भव्य मूर्ती: एक ख्रिस्ताची किंवा त्याच्या दुःखभोगातल्या प्रसंगाची, दुसरी छत्राखालची मारियामातेची. खाली चाकं नसतात. पडद्याआड तीस-चाळीस भोई तो मानेवर वाहतात. डोक्यावर बांधलेल्या कापडी चुंबळीवरून भार मानेच्या तळच्या मणक्यावर येतो, खांद्यावर नाही. भोयांना बाहेरचं काही दिसत नाही. पुढे उभा असलेला मुकादम पासोवरचा धातूचा ठोकळा आपटतो: एका ठोक्याला तयार, पुढच्याला उचल. मुलीला तो ठोकळा आधीच दाखवून ठेवा. मूर्ती एकदम उसळते तो क्षण तिला पकडता येईल.

टोपीबद्दलही तिला आधीच सांगा. फोटो पाहून अनेकांना अमेरिकेतली कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेषी संघटना आठवते, पण संबंध काही नाही. ही वेशभूषा कित्येक शतकं जुनी आहे आणि चेहरा झाकायचं कारण प्रायश्चित्त करणाऱ्याची ओळख गुप्त राहावी एवढंच. तिथल्या मुलांना नासारेनोंची भीती वाटत नाही, उलट ती त्यांच्याकडून चॉकलेट-गोळ्या आणि मूर्तीची छोटी चित्रं मागतात. आणखी एक खेळ आहे. चांदीच्या कागदाचा गोळा घेऊन जायचा, मिरवणूक थांबली की नासारेनोपुढे धरायचा आणि 'मे दा सेरा?' म्हणजे 'मला मेण देता का?' असं विचारायचं. तो मेणबत्ती कलती करून गोळ्यावर मेण ओततो. मुलं हा गोळा वर्षानुवर्षं वाढवत नेतात. नऊ वर्षांच्या मुलीला दोन तास उभं करायचं असेल तर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आता खुर्च्या. सगळ्या मंडळांना कॅथेड्रलकडे जाताना एक समान मार्ग घ्यावा लागतो, त्याला 'कारेरा ओफिसिआल' म्हणतात: काम्पाना चौक, सिएर्पेस गल्ली, सान फ्रान्सिस्को चौक, कोन्स्तितुसिओन मार्ग आणि कॅथेड्रल. या मार्गावर खुर्च्या आणि चौकात सज्जे असतात. त्यांतला बहुतेक भाग जुन्या वर्गणीदारांच्या नावावर वर्षानुवर्षं चालत आलेला असतो. उरलेलं थोडंसं मंडळांची मध्यवर्ती समिती ठरलेल्या काळात विकते, आणि बाहेरच्याला ते मिळणं कठीण. कोणी मधला माणूस 'माझ्याकडे चार खुर्च्या आहेत' म्हणाला तर पैसे देऊ नका. आणि मिळाल्या तरी तुमच्या घरासाठी त्या बऱ्या की वाईट, हे सासूबाई सलग किती वेळ बसू शकतात त्यावर आहे. खुर्चीवरून त्या दिवशीची सगळी मंडळं दिसतात, पण ओळीच्या मधून उठून स्वच्छतागृहात जाऊन परत येणं म्हणजे कसरत. शिवाय या मार्गावर मंडळं वेळापत्रकाच्या दडपणाखाली चालतात. गल्लीच्या वळणावर कसाबसा वळणारा पासो, गच्चीवरून पाकळ्यांचा पाऊस, बाल्कनीतून अचानक उठलेली 'साएता' (मूर्तीला उद्देशून, वाद्याविना गायलेली आर्त आळवणी) हे सगळं बहुधा या मार्गाच्या बाहेर घडतं. मी तरी खुर्च्यांच्या मागे लागणार नाही.

तुमच्यासाठी या मार्गाचं महत्त्व वेगळंच आहे. तो जुन्या शहराचे उभे दोन तुकडे करतो. नदीकडे आरेनाल, प्लाझा नुएवा, संग्रहालयाचा भाग. पलीकडे साल्वादोर, अल्फाल्फा, सान्ता क्रूस. दुपारनंतर हा मार्ग ओलांडायचा तर पोलिसांनी सोडलेल्या ठरावीक जागांवरून, दोन मंडळांमधल्या फटीतच. नाहीतर उत्तरेला आलामेदाच्या बाजूने किंवा दक्षिणेला पुएर्ता दे हेरेसकडून वळसा. म्हणून रोज दुपारी बाहेर पडण्याआधी एकच ठरवायचं: आज आपण या बाजूला की त्या बाजूला? संध्याकाळी सहा वाजता 'पलीकडचं मंडळ पण बघून येऊ' असं कोणी म्हणालं की दिवस बिघडला समजा.

यावरून हॉटेलचं उत्तर निघतं: कॅथेड्रलजवळ नको. सेव्हिलला नेहमी जाताना ती जागा उत्तम, पण या आठवड्यात दर दुप्पट-तिप्पट, सूटकेस घेऊन गर्दीतून वाट काढायची, आणि सासूबाईंना दुपारी विश्रांतीला परत न्यायचं तर कुंपण आडवं. धडधाकट जोडप्याला मी सान लोरेन्सो किंवा अल्फाल्फा सुचवलं असतं. तुम्हाला सुचवतो लोस रेमेदिओस, प्लाझा दे कुबा या मेट्रो स्थानकाजवळ. नदीच्या या पलीकडच्या काठावर टॅक्सी दारापर्यंत येऊ शकते, जमीन सपाट आहे, शेजारची त्रियाना ही जुनी वस्ती चालत गाठता येते आणि मेट्रोने पुएर्ता दे हेरेस, प्रादो, सान बेर्नार्दो ही पुढची तीन स्थानकं. या दिवसांत मेट्रो रात्री उशिरापर्यंत चालते. तिथे जागा नसेल तर नेर्बिओन, तेही मेट्रोवर. रद्द करता येणारं आरक्षण घ्या, कारण शेंगेन व्हिसाच्या अर्जाला ते लागेलच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी सप्टेंबरअखेरपासून. ईस्टरच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळेल या भरवशावर राहू नका.

माद्रिदहून वेगवान गाडीने अडीच तासांत सान्ता हुस्ता स्थानक येतं. बुधवारी दुपारी बाराच्या आत पोचेल अशीच गाडी पकडा. तीन वाजताची गाडी पकडणारे लोक सामान घेऊन पोलिसांच्या दोरीपाशी उभे राहिलेले दिसतात.

दिवसांची आखणी मी अशी करीन.

बुधवारी दुपारी सान बेर्नार्दो. हे मंडळ त्याच नावाच्या वस्तीतून निघून रुंद पुलावरून जुन्या शहराकडे जातं, भर उन्हात. तुमच्या हॉटेलपासून मेट्रोने तीन स्थानकं. पूल रुंद असल्याने गर्दी असली तरी श्वास घेता येतो. मंडळ पुढे गेलं की मेट्रोने परत. पहिला दिवस एवढ्यावरच थांबवा.

गुरुवारी सकाळी अल्काझार, म्हणजे जुना राजवाडा. तिकीट ऑनलाइन, पहिल्या वेळेचं, सगळ्यांचे पासपोर्ट बरोबर. शुक्रवारी अल्काझार बंद असतो, त्यामुळे हे पुढे ढकलू नका. कॅथेड्रल मात्र या दिवसांत पर्यटकांसाठी कापलेल्या वेळेतच उघडं असतं. त्याची आशा धरून आखणी करू नका, उघडं मिळालं तर बघा. रस्त्यात काळ्या पोशाखात, केसांत उंच कंगव्यावर काळी जाळीदार ओढणी घेतलेल्या बायका दिसतील. तो गुरुवारचा खास पेहराव. परतताना त्रियानातल्या 'पुरेसा' (Pureza) नावाच्या गल्लीतलं कापिया दे लोस मारिनेरोस हे छोटं चर्च गाठा. रात्री निघणारे पासो तिथे फुलांनी, मेणबत्त्यांनी सजून तयार उभे असतात.

हा मुद्दा जरा ठासून सांगतो, कारण बहुतेक प्रवाशांना तो कळतच नाही. मंडळाच्या दिवशी सकाळी साधारण दुपारपर्यंत त्याचं चर्च दर्शनाला उघडं असतं. रात्री गर्दीत तीस फुटांवरून, हलताना जे दिसतं ते सकाळी हातभर अंतरावरून, स्थिर दिसतं: चांदीचे खांब, सोन्याच्या जरीचं भरतकाम, मूर्तीच्या गालावरचे काचेचे अश्रू. रांग असते, पण ज्येष्ठ व्यक्तीला संध्याकाळच्या चार तासांपेक्षा हा अर्धा-पाऊण तास परवडतो. लाकडात कोरलेलं काम पाहायची आवड असेल तर सान लोरेन्सोमधला ग्रान पोदेरचा ख्रिस्त पाहा, हुआन दे मेसाने १६२० मध्ये कोरलेला. त्रियानातला काचोर्रो १६८२ चा, रुइस हिहोनचा: क्रूसावर प्राण सोडतानाचा, मान वर केलेला.

गुरुवारची रात्र म्हणजे 'माद्रुगा', आठवड्याचा कळस. सहा मंडळं मध्यरात्रीच्या सुमारास निघून शुक्रवारी सकाळी-दुपारी परततात: सिलेन्सिओ, ग्रान पोदेर, माकारेना, काल्वारिओ, त्रियानाची एस्पेरान्सा, हितानोस. 'ती रात्र चुकवू नका' असं सगळीकडे वाचाल. तुम्ही चौघांनी मिळून ती करू नये, असं माझं स्पष्ट मत. गर्दी दाट, काही गल्ल्या पूर्ण अंधाऱ्या, फोनचं नेटवर्क कोलमडलेलं, बसायला जागा नाही. २००० आणि २०१७ मध्ये या रात्री अचानक घबराट पसरून लोक धावत सुटले होते. तेव्हापासून बंदोबस्त कडक आहे, बारही लवकर बंद करायला लावतात, पण गुडघेदुखीच्या माणसाला धोका लहान असला तरी परिणाम मोठा.

त्याऐवजी साडेनऊला झोपा आणि शुक्रवारी सकाळी नाश्ता करून त्रियाना पुलाच्या अलीकडे, आल्तोसानो चौकात या. एस्पेरान्सा दे त्रियाना रात्रभर शहरात फिरून पुलावरून आपल्या वस्तीत परत येते, बहुधा सकाळी उशिरा. मेणबत्त्या वितळून वेड्यावाकड्या झालेल्या, भोई दमलेले, बँड मात्र जोरात, आणि वस्तीतले लोक घरचं माणूस प्रवासाहून आल्यासारखे तिला सामोरे जातात. रात्रीपेक्षा हा परतीचा प्रवासच मला जास्त सुंदर वाटतो. मग खोलीवर जेवण, झोप. दुपारी चारनंतर त्याच चौकात काचोर्रो, उलट दिशेने पुलाकडे जाताना. एकाच जागेवर दोन वेगळे स्वभाव दिसतील: सकाळी टाळ्या आणि आरोळ्या, दुपारी जवळपास शांतता. यजमानांना रात्रीचं काही बघायचंच असेल तर त्यांनी पहाटे एकट्याने ग्रान पोदेरची परत येणारी मिरवणूक बघावी. वाद्य नाही, बोलणं नाही, फक्त पावलांचा आवाज.

शनिवारी पाचच मंडळं असतात आणि आठवड्याचा ताण सैल झालेला असतो. तो दिवस मोकळा ठेवा. बुधवार किंवा शुक्रवार पावसाने खाल्ला तर उपयोगी पडेल.

पाऊस येऊ शकतो, आणि तो आला तर मिरवणूक निघत नाही. शेकडो वर्षांची मूर्ती आणि जरीकाम कोणी भिजवत नाही. मंडळाचे पदाधिकारी हवामानाचा अंदाज घेऊन अर्धा-एक तास निर्णय लांबवतात, मग जाहीर करतात. २०११ आणि २०२४ मध्ये माद्रुगाची सहाही मंडळं बाहेर पडली नाहीत. निर्णयाची वाट बघत चर्चपाशी भिजत उभं राहू नका, बारमध्ये बसून रेडिओ ऐका. रद्द झालेल्या मंडळाचं चर्च पुष्कळदा नंतर दर्शनासाठी उघडतात, तेव्हा सजलेले पासो जवळून बघायला मिळतात.

वेळापत्रकासाठी 'एल यामादोर' हे कानाल सुर रेडिओचं छापील पत्रक किंवा ॲप वापरा. नाव त्या पासोवरच्या ठोकळ्याचंच. ते वाचताना सगळे एक चूक करतात. एखाद्या चौकासमोर १८:०० लिहिलं असेल तर ती बहुधा पुढच्या क्रूसाची वेळ असते. मोठ्या मंडळात दोन-दोन हजारांहून अधिक नासारेनो चालतात, त्यामुळे मारियामातेचा पासो तिथे सव्वासात-साडेसातला येईल. पावणेसहाला जाऊन उभं राहिलात तर ती येईपर्यंत मुलगी रडायला लागलेली असेल. क्रूसाच्या वेळेनंतर अर्ध्या तासाने पोचा, पासोच्या पुढे नव्हे तर तो जिथून वळणार त्या कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला उभे राहा, आणि पाठीमागे मोकळी गल्ली असेल याची खात्री करा. गर्दीला तिथे 'बुया' म्हणतात. तिचा स्वतःचा प्रवाह असतो. पासो गेला की ती आपोआप मोकळी होते, तोवर विरुद्ध दिशेने रेटू नका. नासारेनोंच्या ओळी ओलांडायच्या असतील तर त्या थांबलेल्या असताना, काठी धरलेल्या कार्यकर्त्याला विचारूनच. मौन पाळणाऱ्या मंडळासमोर फ्लॅश, खाणं, गप्पा नकोत.

सासूबाईंसाठी दोन बारीक गोष्टी. घडीची खुर्ची न्यायचा मोह होईल, पण कित्येक रस्त्यांवर महापालिका ती वापरू देत नाही, अडथळा होतो म्हणून. काठी-आसन एकत्र असलेलं साधन निदान मिटवून हातात राहतं. आणि रबरी तळाचे बूट. आठवडाभर सांडलेल्या मेणाने रस्त्याचा दगड घसरडा होतो, शुक्रवारपर्यंत बुटांचा चुर्रर्र आवाज यायला लागतो. स्वच्छतागृहासाठी बारमध्ये कॉफी घ्यायची, हाच मार्ग.

जेवण. या काळात मांस वर्ज्य करण्याची जुनी प्रथा असल्यामुळे तुमचं नशीब नेहमीपेक्षा जरा बरं. 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' म्हणजे जिरं घातलेली पालक-काबुली चण्याची भाजी. सासूबाईंना ती घरची वाटेल. 'बेरेन्हेनास कोन मिएल' म्हणजे काकवी घातलेली तळलेली वांगी. बटाट्याच्या 'तोर्तिया'त अंडं असतं. साल्मोरेहो हे थंड टोमॅटो सूप मागवताना 'सिन हामोन, सिन उएव्हो' म्हणा, नाहीतर वर हॅमचे तुकडे आणि अंडं येतं. सॅलडमध्ये न सांगता ट्यूना घालतात. 'शाकाहारी' म्हटलं की मासे चालतील असं समजणारे भेटतात, म्हणून 'सिन कार्ने, सिन पेस्कादो' असं दोन्ही सांगा. 'तोर्रिहास' नक्की खा: पाव दुधात किंवा वाइनमध्ये भिजवून, तळून मधात किंवा साखरेत घोळलेला, पावाला दुधात बुडवतात की वाइनमध्ये आणि अंडं लावलंय का, ते आधी विचारा. स्वयंपाकघरं दुपारी चार ते आठ बहुधा बंद असतात, आणि गुरुवार-शुक्रवार सुट्टी म्हणून मोठी दुकानंही. फळं, दही, पाव, पाणी बुधवारीच भरून ठेवा. थेपले आणले असतील तर ते माद्रुगाच्या रात्री नाही, शुक्रवारी सकाळी कामी येतील.

शेवटी एक, रविवारच्या गाडीबद्दल. २८ मार्चला पहाटे दोनचे तीन वाजतात, युरोपभर उन्हाळी वेळ सुरू होते. फोन स्वतः बदलतो, पण हॉटेलच्या खोलीतलं किंवा मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. सकाळी नऊची गाडी असेल तर तुमच्या शरीराला ती आठची वाटेल. टॅक्सी शनिवारी रात्रीच सांगून ठेवा.